अक्काच्या रंगाचे दात

आमच्या घरात दातांचे दोन रंग होते. दुष्काळाआधी जन्मलेल्यांचे पांढरे आणि दुष्काळानंतर जन्मलेल्यांचे तपकिरी. मी आधीची, माझी धाकटी बहीण नंतरची. आम्हा दोघींत नऊ वर्षांचं अंतर, पण चेहरा एकच, असं सगळे म्हणायचे. तिने तोंड उघडलं की मात्र ते म्हणणं थांबायचं.

मी लहान होते तेव्हा आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणाकडे निघायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. जिथे मुक्काम पडेल तिथल्या ओढ्याचं, विहिरीचं पाणी आम्ही प्यायलो. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. काही मेली, काही आबांनी येईल त्या भावाला काढली, आणि आम्ही निरवांगीच्या शिवारात, नदीपासून लांब, आमच्या वाट्याच्या माळावर कायमचे बसलो. त्याच दुष्काळात सरकारने वस्तीवर बोअर मारून हापसा बसवून दिला. त्याला पहिलं पाणी आलं तेव्हा आईने नारळ फोडला. पुढेही दर अमावस्येला ती हापशाच्या दांड्याला हळदकुंकू लावायची. बहीण जन्मली ती या पाण्यावर. तिची पहिली घुटीसुद्धा त्याच पाण्यात उगाळलेली.

दुधाचे दात पडून तिला नवे आले ते खडूसारखे ठिपके घेऊन. वर्षा-दोन वर्षांत त्या ठिपक्यांवर तपकिरी पट्टे उमटले. वस्तीवरच्या तिच्या बरोबरीच्या सगळ्याच पोरांचं तसं होतं, त्यामुळे कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. वाटलं ते मला, कारण मी शिकत होते. बारामतीला डी.एड. करत होते, आणि आमच्या पुस्तकातला शरीराच्या स्वच्छतेचा धडा मला तोंडपाठ होता. सुट्टीत घरी आले की मी वस्तीवरची पोरं हापशाजवळ ओळीने उभी करायचे, प्रत्येकाच्या तळहातावर कोळशाची पूड आणि मीठ ठेवायचे आणि दात घासून घ्यायचे. बाकीची पोरं दुसऱ्या दिवशी पसार व्हायची. बहीण कुठे जाणार? तिच्या हिरड्यांतून रक्त आलं तरी मी म्हणायचे, अजून घास, आळस करतेस म्हणून डाग जात नाहीत. ती रडत रडत घासायची आणि मध्येच थांबून विचारायची, "अक्का, आता झालं का गं तुझ्यासारखं?"

मला त्या प्रश्नाचा रागच यायचा. माझा स्वभाव तसा आहे, आजही फारसा बदललेला नाही. एखादी गोष्ट मी सांगितल्याप्रमाणे झाली नाही की मला आधी समोरच्याचा दोष दिसतो.

दहाव्या वर्षापासून ती तोंडावर हात धरून हसायला लागली. हसू आलं की हात आपोआप वर. शाळेच्या फोटोत तिचे ओठ घट्ट मिटलेले आहेत, जणू कुणी तिला बोलू नकोस म्हणून दटावलंय. बारावी झाली तरी हात खाली आला नाही. आणि मग तिला बघायला पाहुणे येऊ लागले.

आमच्या भागात बायकांचे दात काळे-तपकिरी दिसले की त्याचं एकच कारण लोकांना ठाऊक असतं, मिसरी. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, सकाळी उठल्यावर बोटाने दातांना लावायची. सासू झालेल्या बाईने लावली तर कुणी काही म्हणत नाही. पण लग्नाची पोर, तीही बारावी शिकलेली, मिसरी लावते म्हटल्यावर संपलंच. पहिल्या पाहुण्यांपैकी एका बाईने तिला आत नेऊन सरळ विचारलं. ती नाही म्हणाली. चार दिवसांनी निरोप आला की पोरगी मिसरीवाली दिसते, आमचं जमणार नाही. दुसऱ्यांनी तेवढंही कळवलं नाही. तिसऱ्यांत एक म्हातारी होती. तिने बांगड्या बघते म्हणून बहिणीचा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर तिच्या तर्जनीचा वास घेतला, कारण मिसरी त्याच बोटाने लावतात आणि वास बोटाला राहतो. वास आला नाही. तरी जाताना म्हातारी म्हणालीच, धुतलं असंल.

बहीण दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाली, आता मला कुणाला दाखवू नका. मी तेव्हा बारामतीजवळच्या शाळेत नोकरीला होते, लग्न होऊन शहरातच दोन खोल्यांत राहत होते. आईचा निरोप आला तशी मी वस्तीवर गेले आणि बहिणीला उचलून घेऊन आले. रडू नकोस म्हटलं, दातांचा डॉक्टर कशाला असतो?

बसस्टँडजवळ औषधांच्या दुकानावरच्या माडीत एका तरुण डॉक्टरने नुकताच दवाखाना टाकला होता. त्याने बराच वेळ तिचे दात बघितले, आरसा फिरवला, आणि विचारलं काय, तर लहानपणी पाणी कुठलं प्यायलात? मला वाटलं, ह्याला काही कळत नाही. हापशाचं, मी म्हणाले. वस्तीवरच्या इतर मुलांचे दात कसे आहेत, हे त्याने विचारलं तेव्हा मात्र मला हापशाजवळची ती ओळ दिसली; सगळ्यांचे असेच, मी म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, काही बोअरच्या पाण्यात असा क्षार असतो. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच तो त्यांच्यात उतरतो. बाहेर येण्याआधीच दात रंगलेले असतात. कितीही घासा, जाणार नाही.

कितीही घासा. मी बहिणीकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, हे मला न बघताही कळत होतं. कोळशाच्या पुडीबद्दल तिने तेव्हाही काही म्हटलं नाही आणि नंतरही कधी नाही. तिने एकदा तरी म्हणायला हवं होतं.

डॉक्टरने उपाय सांगितला. समोरच्या सहा दातांवर पातळ पापुद्रा बसवायचा. त्याला व्हिनियर म्हणतात, तो म्हणाला, आणि टेबलाच्या खणातून प्लॅस्टरचा जबडा काढून आम्हाला समजावू लागला. प्रकार दोन. एक चिनी मातीचा. त्यासाठी दात समोरून थोडे घासून बारीक करावे लागतात, मग माप घेऊन पुण्याला पाठवायचं, तिथे पापुद्रे घडवून येतात, ते चिकटवायचे. दोन-तीन आठवडे लागतात. पण ते घट्ट बसतात, त्यांच्यावर डाग चढत नाहीत आणि नीट सांभाळले तर कितीतरी वर्षं टिकतात. दुसरा कंपोझिटचा. मऊ लगदा दातावर थरावर थर देत बसवायचा आणि निळ्या दिव्याने कडक करायचा. दात घासावे लागत नाहीत म्हटलं तरी चालेल आणि एका दुपारी काम होतं. पण तो नाजूक असतो. चहा-हळदीने पिवळा पडतो, टवका उडू शकतो, तीन-चार वर्षांनी पुन्हा करावा लागतो. तिसरा उपाय म्हणजे दाताला चारी बाजूंनी तासून टोपी बसवायची, पण एवढे धडधाकट दात त्यासाठी तासू नयेत, असं त्याचं मत होतं. तिचं वय आणि डागांचा गडदपणा बघता त्याने चिनी मातीचे सुचवले.

मग त्याने रंगांची पट्टी काढली. एका सळईवर ओळीने दात लावलेले, पांढऱ्यापासून पिवळसरपर्यंत. मी लगेच सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं. डॉक्टर हसला, म्हणाला, एवढे पांढरे कुणाचेच नसतात, लांबूनच खोटे दिसतील. त्याने बहिणीला विचारलं, तुम्हाला कोणते हवेत? तोंडावर हात ठेवूनच ती म्हणाली, "अक्काच्या रंगाचे."

त्याने ती पट्टी माझ्या तोंडाजवळ धरली. मी खुर्चीत बसून तोंड उघडलं आणि बहीण वाकून बघत राहिली, कुठला दात माझ्याशी जुळतो ते. तिला जुळणारा सापडला तेव्हा तिचा चेहरा जो उजळला, तो मला अजून दिसतो.

जिना उतरताना ती म्हणाली, "चिनी मातीचेच बसवू अक्का. एकदाचं होऊन जाऊ दे."

मी नको म्हणाले. वेळेचं कारण पुढे केलं. पुढच्या रविवारी कोऱ्हाळे बुद्रुकचे पाहुणे येणार होते, आणि पुण्याहून पापुद्रे येईपर्यंत ही घासलेल्या दातांनी बसणार का? हे कारण खरं होतं, पण आतलं कारण दुसरंच होतं. आबांना दातांशिवाय जनावर कळत नाही. दोन दाती, चार दाती, सगळे दात येऊन जुळलेला, असं जबड्यात बघून ते वय सांगत. बाजारात काही दलाल म्हाताऱ्या बैलाच्या दातांवर कानस चालवून तो तरुण म्हणून उभा करत. तसला बैल दिसला की आबा थुंकत. दात घासून बारीक करायचे हे ऐकल्याबरोबर मला ती कानस आठवली. आपल्या हाताने बहिणीच्या दातांवर कानस लावायची आणि तिला पाहुण्यांसमोर उभी करायची, हे माझ्याने होईना. नुसता लेप दिला तर कसं, आपण काही बिघडवलं नाही, वरून फक्त झाकलं. मी मनाची अशी समजूत घातली. लेप काय आणि कानस काय, फसवणूक तीच आहे, हे शिकलेल्या बाईला कळलं नाही. घरात निर्णय मीच घ्यायचे, मी ठरवलं की ठरलं. बहिणीने मान हलवली.

एका दुपारी सहा दात झाले. डॉक्टरने आरसा दिला. तिने बघितलं, सवयीने हात तोंडावर नेला, मग खाली घेतला, पुन्हा बघितलं. घरी येताना ती बारामतीच्या बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानाच्या काचेत बघत होती, आणि मी रागावल्यासारखं करून तिला पुढे ओढत होते. मी आतून इतकी खूश होते की वाटेत आम्ही दोनदा भेळ खाल्ली, तेही तिखट न घालता, कारण त्या रंगाची मला धास्ती.

जाण्याआधी डॉक्टरने विचारलं होतं, कडक काही दातांनी फोडायची सवय आहे का? मी यादीच मागून घेतली आणि घरी येऊन ती वाढवून वहीच्या कागदावर लिहिली. सुपारी नको. खारीक नको. फुटाणे, चिक्की, बोरं, पेरूच्या बिया, शिळ्या भाकरीचा पापुद्रा नको. दोरा दाताने तोडायचा नाही. बाटलीचं झाकण दाताने उघडायचं नाही. माझ्या अक्षरात, क्रमांक घालून. शाळेत सूचना लिहाव्यात तशी.

शनिवारी मी तिला घेऊन एसटीने कळंबमार्गे वस्तीवर गेले, आईआबांना दाखवायला. आईने कानशिलावर बोटं मोडली. आबांना मी डॉक्टरने दात साफ केले एवढंच सांगितलं. त्यांनी बहिणीची हनुवटी उचलून एकदाच बघितलं. जन्म जबडे बघण्यात गेलेला माणूस. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाजारात न्यायचं तर न्या. पण घेणाऱ्याला सांगा."

मी सांगते म्हणाले. खरंच सांगणार होते.

रविवारी कोऱ्हाळ्याचे पाहुणे आमच्या बारामतीच्या घरी आले; बैठकीसाठी आबाही आमच्याबरोबर वस्तीवरून आले होते. मुलगा उसाची शेती बघणारा, घरचा ट्रॅक्टर चालवणारा, बोलायला साधा. त्याची आई अंगाने भरलेली, मोकळीढाकळी, कनवटीला मिसरीची डबी आणि दात काळेभोर. मला मनात आलं, स्वतःचे हे असे आणि आमच्या पोरीचे तपासायला आल्या. पण तिने काही तपासलं नाही. मी पोहे न करता बिनहळदीचा उपमा केला होता, तोही तिने मागून घेऊन खाल्ला. मुलाने बहिणीला एकच प्रश्न विचारला, ट्रॅक्टरवर बसायची भीती वाटती का? तिला हसू आलं. हात अर्ध्यावर उठला आणि तिने तो परत मांडीवर ठेवला. ती हसली. भर बैठकीत, सगळ्यांसमोर. मला रडू आवरेना म्हणून मी चहा बघायच्या निमित्ताने आत गेले.

बाहेर आले तर त्याची आई मला म्हणाली, "पोरीचं दात लई छान हायती. अगदी तुमच्यासारखं."

हीच ती वेळ होती. आबा कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. आणि मी म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांचेच तसे आहेत."

आबांनी टोपी उचलून डोक्यावर घातली आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले. लग्न ठरलं.

लग्नात मी पहारेकऱ्यासारखी तिच्याभोवती फिरत होते. नवरानवरीने दातात विडा धरून तोडायचा खेळ आला तेव्हा मी त्यातली सुपारी आधीच काढून टाकली होती. बायका हसल्या. निरोपाच्या वेळी सगळ्या रडत होत्या, आणि मी तिच्या पिशवीत तो यादीचा कागद नीट ठेवलाय ना, ते बघत होते.

यादीत ऊस नव्हता.

हे मला आज कुणी विचारलं तर मी काय उत्तर देऊ? बारामतीच्या रस्त्यांवर हंगामात चालायला जागा नसते, इतक्या उसाच्या गाड्या. शाळेतली माझी पोरं गाडीच्या मागे धावत कांडं उपसायची आणि वर्गात येऊन दातांनी सोलायची. ते कडक असतं, दाताने फोडायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. आमच्या भागात ऊस हे खाणंच नव्हे. तहान लागली की पाणी प्यावं तसा माणूस ऊस खातो. डॉक्टर शहरातला, त्यालाही सुचलं नाही. आणि मी तिला देत होते कुठे, तर उसाच्या गावात.

संक्रांतीला ती आली नाही. थंडी आहे, काम आहे, असा निरोप आला. महिना गेला, मग मीच एका रविवारी डबा घेऊन कोऱ्हाळ्याला गेले. सकाळची वेळ होती. अंगणात उन्हाला तिची सासू आणि ती शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये डबी होती. बहिणीची तर्जनी तोंडात होती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अगदी सराईत. मला बघून ती उठली, चूळ भरली आणि पाया पडली. तिच्या हाताला तो वास होता.

सासूने चहा दिला, माहेरची चौकशी केली, आणि माझ्या बहिणीला म्हणाली, अक्काला रान दाखवून आण. उसाच्या बांधावर आलो तेव्हा बहिणीने सगळं सांगितलं. न रडता, कुणा दुसरीचं सांगावं तसं.

ऊसतोड सुरू झाली तेव्हा सासूने तिला रानात नेलं होतं. नव्या सुनेला घरच्या उसाचं पहिलं कांडं स्वतःच्या हाताने मोडून द्यायचं, ही त्या घरची रीत. सगळ्या जणी बघत होत्या. नाही कसं म्हणायचं? तिला यादी आठवली, यादीत ऊस नाही हेही आठवलं. अक्काने लिहिलं नाही म्हणजे चालत असेल, असं तिला वाटलं. तिने कांड्याच्या पेरावर दात रोवला, साल ओढली, आणि दोन दातांवरचे पापुद्रे सालीबरोबर निघून खाली पाचटात पडले. ती गुडघ्यांवर बसून ते वाळलेल्या पानांत शोधू लागली. सासूला वाटलं, कानातली कुडी पडली. सासूही तिच्याशेजारी बसून पाचट चाळायला लागली. "मी त्यास्नी काय शोधतीया ते सांगितलंच न्हाय," बहीण म्हणाली. "तरी त्या शोधत व्हत्या."

मग सासूने वर बघितलं आणि तिला ते दोन तपकिरी दात दिसले. ती रागावली नाही. उलट हसली, म्हणाली, मिसरी लावतीस व्हय? मग एवढं चोरून कशाला, आमी काय खातो का तुला? आणि कनवटीची डबी काढून तिच्यापुढे धरली.

"आणि तू?" मी विचारलं.

"व्हय म्हणाले."

मी तिच्यावर ओरडले. पाण्याचं का नाही सांगितलंस, मला का नाही बोलावलंस? ती मला शांतपणे सांगू लागली. पाण्याचं सांगितलं असतं तर वस्तीवरच्या सगळ्या पोरींचं नाव झालं असतं. पाठच्या चुलत बहिणी अजून लग्नाच्या आहेत. पोटच्या पोरांनाही असेच दात येतील, असं कुणीतरी म्हटलं असतं. आणि आमच्या घरात सगळ्यांचेच तसे आहेत, असं तू बैठकीत म्हणाली होतीस. तुला खोटं कसं पाडू? तिने डबीतली चिमूट घेतली आणि तिथेच लावली. चक्कर येऊन ओकली. घरात सगळ्यांना गोड बातमी वाटली आणि शेजारी पेढे गेले. ती पेढ्यांचं सांगताना हसली. नवऱ्याने दोन दिवस बोलणं टाकलं, मग तोही म्हणाला, आईबी लावतीच की. आता सकाळी लावली नाही तर तिचं डोकं उठतं. उरलेले चार पापुद्रेही मिसरीने काळवंडून बाकीच्या दातांत मिसळले होते.

मी म्हणाले, उद्याच पुण्याला जाऊ. चिनी मातीचेच बसवू, तुझंच खरं होतं. आणि तुझ्या सासूला मी आत्ता जाऊन सगळं सांगते.

"काय सांगशील?" ती म्हणाली. "मिसरी लावती म्हणून सांगितलं, तवा ते खोटं व्हतं. आता लावती. आता खोटं न्हाय ऱ्हायलं अक्का."

घराकडून सासूने हाक मारली. उसाच्या आडून काहीतरी चेष्टेचं ओरडली, दोघी बहिणींनी मिळून सगळं रान खाल्लंत का, असं काहीसं. बहीण हसली. तोंड उघडून, आवाज करून, डोकं मागे टाकून हसली. मी तिचा हात बघत होते. तो कमरेवरच होता.

पुढच्या रविवारी मी निरवांगीला गेले आणि आबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. मिसरीने तोंडाचं काय होतं हे शाळेतल्या तक्त्यावर मी वर्षानुवर्षं शिकवलेलं, तेही सांगितलं. ते हापशाशेजारच्या दगडावर बसून ऐकत होते. मला वाटलं, बैठकीतल्या त्या वाक्याबद्दल आता ते बोलतील, आणि बोलावं असं मला वाटत होतं.

ते म्हणाले, "हसती का?"

"हसती," मी म्हणाले.

"हात धरून?"

"न्हाय."

आबांनी उठून हापसा मारला, ओंजळ भरली, आणि प्यायच्या आधी त्या पाण्याकडे बघत उभे राहिले. आईने गेल्या अमावस्येलाही दांड्याला हळदकुंकू लावलेलं होतं.